कारखान्याच्या नेटवर्कवरची पाळत

नोकरीतल्या पुष्कळ गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला पंचनामा कुठल्या मळ्यात केला, हे आठवायला थोडा वेळ लागतो. सिन्नरकडच्या एका कारखान्याचे प्रकरण मात्र मनात जसेच्या तसे राहिले आहे. त्यात रक्त सांडले नाही, कोणी फरार झाले नाही, आम्हाला कोणाच्या मागे धावावे लागले नाही. तरीही संशय या गोष्टीबद्दल मला त्या प्रकरणाने जेवढे शिकवले, तेवढे खुनाच्या तपासांनीही शिकवले नाही.

दोन हजार साल उलटून काही वर्षे झाली होती. कारखान्यांमध्ये टेलिफोनच्या तारेवरून चोवीस तास चालणारे इंटरनेट नुकतेच पोहोचले होते. पेन ड्राइव्ह ही नवलाईची वस्तू होती. मी त्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी, बंदोबस्ताचे वाटप, कोर्टात न्यायचे आरोपी, एसटी स्टँडवरचे पाकीटमार, महामार्गावरचे अपघात, असा आमचा दिवस जायचा. औद्योगिक वसाहतीतून तक्रारी यायच्या त्या तांब्याच्या तारेच्या, नाहीतर भंगाराच्या. चोरी म्हणजे कोणीतरी काहीतरी उचलून नेलेले असणार, इतका हिशेब सरळ होता.

एके दिवशी दुपारी दोन भाऊ ठाण्यात आले. थोरले पन्नाशी ओलांडलेले, साधा पांढरा शर्ट, बोलणे तोलूनमापून. धाकटे त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, नीटनेटके, हातात मोबाइल. त्यांच्या वडिलांनी सातपूरला एका लेथवर काम सुरू केले होते. पुढे या दोघांनी सिन्नरला जागा घेऊन कारखाना उभा केला. कामगार त्यांना थोरले शेठ आणि धाकटे शेठ म्हणायचे. मीही इथे तेच म्हणतो, कारण कोणाचेच नाव मला लिहायचे नाही.

"साहेब, आमच्याकडे चोरी झालीय," थोरले शेठ म्हणाले.

"काय गेलंय?"

"गेलं काहीच नाही. सगळं जागेवर आहे."

माझे रायटर हवालदार लिहायला बसले होते. त्यांनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले.

मग थोरल्या शेठनी समजावून सांगितले. मोठ्या कंपन्यांमध्ये लोखंडाचा भाग मशीनवर कापताना तो हलू नये म्हणून एक पकड लागते. तिला फिक्स्चर म्हणतात. प्रत्येक भागासाठी फिक्स्चर वेगळे, आणि खरी अक्कल त्याच्या ड्रॉइंगमध्ये. हा कारखाना ती ड्रॉइंग कॉम्प्युटरवर तयार करायचा. आठवड्यापूर्वी अंबडच्या एका गिऱ्हाइकाने थोरल्या शेठना बोलावून एक कागद दाखवला. दुसऱ्याच कोणी तेच फिक्स्चर कमी दरात देऊ केले होते. त्याचे नाव गिऱ्हाइकाने त्यांना सांगितले नाही, आणि पुढे आमच्याशीही टोलवाटोलवीच केली. ड्रॉइंग हुबेहूब यांचे होते. यांच्या माणसाकडून एका भोकाचे माप चुकले होते, ती चूकसुद्धा तशीच उतरली होती.

"म्हणजे कोणी डोकं चालवून बनवलेलं नाही. आमचीच फाइल गेलीय," धाकटे शेठ म्हणाले. कॉम्प्युटरचे सगळे तेच बघायचे.

माहिती तंत्रज्ञान कायदा तेव्हा नवा होता, आणि त्याखालचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असे. मी आमच्या उपअधीक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, "विश्वासघाताचं कलम लावून गुन्हा दाखल करा. कागद माझ्याकडे राहतील, धावपळ तुम्ही करा." तसा गुन्हा नोंदवला.

दोन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एक निनावी खबर आली. पुरुषाचा आवाज, दबका. "त्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला सटाण्याकडचा एक इंजिनिअर आहे. त्याच्या डब्याच्या पिशवीत पेन ड्राइव्ह असतो. बघा." एवढे बोलून फोन ठेवला. नंबर काढला तर तो ओझरच्या एका एसटीडी बूथचा निघाला. बूथवाल्याला फोन करणाऱ्याचा चेहरा आठवत नव्हता. रोज शेकडो लोक येतात, तो तरी कोणाकोणाचे चेहरे लक्षात ठेवणार.

खबर बरोबर निघाली. पंचांसमक्ष झडती घेतली तेव्हा इंजिनिअरच्या पिशवीत पेन ड्राइव्ह होता आणि त्यात कारखान्याची ड्रॉइंग होती. थोरल्या शेठनी तिथल्या तिथे त्याला कामावर न येण्यास सांगितले.

त्याला ठाण्यात आणून बसवले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. ओठ सुकले होते, पण नजर खाली नव्हती.

"ड्रॉइंग घरी का नेली?"

"काम उरलं होतं, साहेब. ऑर्डर घाईची होती. घरी बसून संपव म्हणून मला सांगितलं होतं."

"बाहेर कोणाला दिली?"

"नाही दिली."

"तुझ्याच पिशवीत सापडली."

"माझ्या पिशवीत माझं काम सापडलं, साहेब. आणि सर्व्हरवरच्या जुन्या फाइली जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी उघडतं, हे मी शेठना महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. चोर असतो तर मीच कशाला सांगितलं असतं?"

चौकशीची माझी एक पद्धत होती. एकच प्रश्न मध्ये इतर बोलणे घालून तीन-चारदा विचारायचा. खोटे बोलणाऱ्याचे उत्तर दर वेळी अधिक नेटके होत जाते. खरे बोलणारा दर वेळी चिडत जातो. हा इंजिनिअर चिडत गेला. शेवटी म्हणाला, "किती वेळा विचारणार आहात?" आणि लगेच स्वतःच घाबरला.

बाहेरच्या बाकावर त्याचे वडील बसून होते. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेले. मी बाहेर आलो तसे उठून उभे राहिले. गयावया केली नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, मना पोऱ्या चोर नही शे." मग माझ्या लक्षात यावे म्हणून शुद्ध मराठीत पुन्हा म्हणाले, "माझा पोरगा चोर नाही. गावात काही नाही, पण इथे वसाहतीत एकदा नाव गेलं की कोणी दारात उभं करणार नाही त्याला."

ते खरे होते. सिन्नर, सातपूर, अंबड मिळून उद्योगांचे जग लहानच. एका मालकाने दुसऱ्याला चहा पिताना सांगितले की पुरे.

मी त्याला अटक केली नाही. त्यात माझा मोठेपणा नाही. पेन ड्राइव्ह मिळाला होता, पण तिथून फाइल प्रतिस्पर्ध्याकडे गेली हे दाखवणारा धागा हातात नव्हता. लागेल तेव्हा हजर राहण्याची लेखी समज देऊन त्याला वडिलांबरोबर पाठवले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन मी थोरल्या शेठना साधा प्रश्न विचारला. "तुमच्या कुठल्या कॉम्प्युटरवरून, कधी, काय बाहेर गेलं, हे कुठे कळतं?"

त्यांनी धाकट्यांकडे पाहिले. धाकटे म्हणाले, "तशी सोय आपल्याकडे नाही."

माल बाहेर न्यायला गेट होते, गेटवर पहारेकरी होता, तो ट्रक उघडून बघायचा. कारखान्याची खरी दौलत ज्या तारेवरून बाहेर जाऊ शकत होती, तिथे कोणीच उभे नव्हते. थोरल्या शेठना हे फार लागले. "बसवून टाकू," ते म्हणाले. "त्या पोराचा आत कोणी साथीदार असेल, तर तोही सापडेल."

त्यांनी दोन जणांना बोलावले आणि मलाही यायला सांगितले. पहिला पुण्याहून आलेला एका कंपनीचा विक्रेता. त्याने लॅपटॉप उघडून त्यांचे सॉफ्टवेअर दाखवले. कोणता कर्मचारी कोणते पान उघडतो, काय टाइप करतो, कोणाला काय मेल लिहितो, सगळे मालकाच्या पडद्यावर. प्रत्येकाच्या स्क्रीनचे दर मिनिटाला छायाचित्र. थोरले शेठ पुढे सरकून बघत होते. माणसाला दुसऱ्याच्या खिडकीतून आत बघायला मिळाले की डोळे जसे होतात, तसे त्यांचे झाले होते. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. पोलीस खात्यात ते डोळे मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसऱ्या एक बाई होत्या, पस्तिशीच्या. गंगापूर रोडला त्यांचे लहानसे ऑफिस होते. शहरातल्या काही दवाखान्यांची आणि एका पतसंस्थेची नेटवर्कची कामे त्या बघायच्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी काही दाखवले नाही. आधी सगळा कारखाना फिरून आल्या, प्रत्येक टेबलाखाली वाकून तारा पाहिल्या आणि मग खुर्चीत बसून विचारले, "तुम्हाला नक्की काय कळायला हवंय?"

"सगळं," थोरले शेठ म्हणाले.

"सगळं बघायला बसणार कोण?"

शेठ खुर्चीत मागे सरकले.

"इथे पंचवीस-तीस कॉम्प्युटर आहेत. दर मिनिटाला प्रत्येकाचं चित्र म्हणजे दिवसाला किती होतील, विचार करा. पहिला आठवडा तुम्ही हौसेनं बघाल. दुसऱ्या आठवड्यात कोण लग्नाची स्थळं बघतंय आणि कोण क्रिकेटचा स्कोअर बघतोय, यातच अडकाल. फाइल जाईल ती जाईलच."

"मग तुमचं म्हणणं काय?" मी विचारले.

"आतल्या सगळ्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात, ती पेटी बदलायची. आत्ताची मुकी आहे, नुसती पुढे ढकलते. मी बसवीन ती प्रत्येक तारेतून किती गेलं, कधी गेलं, हे सांगेल. बाहेरच्या रस्त्यावर दुसरी नोंद, की ते कोणत्या ठिकाणी गेलं. दोन्ही नोंदी एका वेगळ्या कॉम्प्युटरवर साठवायच्या आणि तो कुलपात ठेवायचा. पत्रात काय लिहिलंय ते मी बघणार नाही. कोणत्या घरातून किती जड पाकीट निघालं आणि कोणत्या गावाला गेलं, एवढंच बघणार."

मला हे पटले. आमचा बीटवरचा जुना हवालदार हेच करतो. तो कोणाच्या घरात डोकावत नाही. कोणाचे दुकान कधी उघडते, कोणत्या गल्लीत संध्याकाळी कोण बसते, हे त्याला ठाऊक असते. म्हणून त्यात बदल झाला की तो त्याला दिसतो.

थोरल्या शेठनी मॅडमना काम दिले. मग दोन गोष्टींवर वाद झाला.

पहिला वाद लोकांना सांगण्यावरून. शेठचे म्हणणे, सांगितले तर चोर सावध होईल. मी म्हणालो, "नाकाबंदी आम्ही भर रस्त्यात करतो, झाडामागे लपून नाही. निम्मे गुन्हे ती दिसल्यामुळेच थांबतात. तुमचे थांबले तरी तुमचा फायदाच आहे." मॅडमनीही सांगितले की लपूनछपून पाळत ठेवायची असेल, तर त्या काम करणार नाहीत.

दुसरा वाद केबिनवरून. दोघे भाऊ एकाच केबिनमध्ये बसायचे, तिथे दोन कॉम्प्युटर होते. धाकटे शेठ म्हणाले, "केबिनच्या तारा यातून वगळा. घरचे व्यवहार असतात, बँकेचं असतं." थोरल्यांनी होकारार्थी मान हलवली. मॅडमनी माझ्याकडे पाहिले.

मी थोरल्या शेठना अंगणात नेले. "वाड्यात चोरी झाली आणि मालक म्हणाला, सगळ्या खोल्या बघा पण ही एक नको, तर मी केस डायरीत काय लिहू?"

"साहेब, तिथे आम्ही दोघंच बसतो."

"मग बघायला हरकत काय? आत काय आहे ते कोणी वाचणार नाही."

ते बराच वेळ गेटकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. राहू द्या. धाकट्याला मी सांगतो." आणि मॅडमना सगळ्या तारांसाठी लेखी परवानगी दिली.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम झाले. उपअधीक्षकांच्या सांगण्यावरून मी रायटर हवालदारांना पंचनाम्यासाठी बसवले होते. त्यांनी नव्या पेटीचे वर्णन लिहिले, 'काळ्या रंगाची लोखंडी पेटी, दर्शनी भागावर हिरवे दिवे, दिवे लुकलुकत आहेत.' मॅडमनी प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली. मग सगळ्या कॉम्प्युटरची घड्याळे एक केली. तोवर कोणाचे घड्याळ पुढे होते, कोणाचे मागे, स्टोअरमधल्या मशीनवर तर आदल्या वर्षीची तारीख होती. "वेळ एक नसेल तर नोंदीला अर्थ नाही," त्या म्हणाल्या. ठाण्याची डायरी सांभाळणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

सोमवारी कँटीनमध्ये थोरल्या शेठनी सगळ्यांना उभे राहून सांगितले, की आजपासून कॉम्प्युटरवरून बाहेर जाणाऱ्या गोष्टींची नोंद होईल, पण कोणाचे पत्र वाचले जाणार नाही. एका जुन्या फिटरने विचारले, "शेठ, आमच्या मोबाइलवरबी नजर हाय का?" शेठ नाही म्हणाले. लोक जेवायला बसले. धाकटे शेठ त्या दिवशी मुंबईला एका प्रदर्शनासाठी गेले होते.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ झाला. दर थोड्या वेळाने इशारे यायचे. एका मशीनला व्हायरस लागला होता आणि ते अखंड बाहेर काहीतरी फेकत होते. कारखान्याचे इंटरनेट इतके दिवस रडत का चालते, हे त्यातून कळले. दुसरे एक मशीन गाणी उतरवत होते. थोरले शेठ रोज मॅडमना विचारायचे, "गाणी कोण उतरवतंय?" त्या सांगायच्या, "ते तुम्ही मला विचारलं नव्हतं. फाइल कुठून जाते, ते विचारलं होतं." पुढे त्यांनी एकेक फसवा इशारा बंद केला, रोजच्या वर्दळीचे रूप ठरवले. पडद्यावरच्या रेघेत सकाळी थोडी चढण, दुपारी जेवणाच्या सुट्टीत सपाट, चारनंतर पुन्हा चढण. त्या म्हणाल्या, "आता हे सपाट कधी हललं, तर दिसेल."

पुढच्या आठवड्यात त्यांचा ठाण्यात फोन आला. "साहेब, फोनवर नको. तुम्ही या."

मी गेलो. त्यांनी कुलूप उघडून पडदा दाखवला. जेवणाच्या सुट्टीतली सपाट रेघ एका जागी सुळक्यासारखी वर गेली होती. तार ड्रॉइंग ऑफिसची नव्हती, स्टोअरची नव्हती. केबिनमधल्या धाकट्या शेठच्या टेबलाची होती. आधी सर्व्हरवरून त्या मशीनवर काही मोठे आले होते, आणि लगेच तेवढेच मेलच्या मार्गाने बाहेर गेले होते.

"एकदा झालं म्हणजे काही सिद्ध होत नाही," मी म्हणालो. आम्ही थांबलो. त्यानंतरच्या दिवसांत ते आणखी दोनदा झाले. दोन्ही वेळा थोरले शेठ अंबडला गिऱ्हाइकाकडे गेले होते. आणि सटाण्याचा इंजिनिअर तर या सगळ्या काळात कारखान्याच्या फाटकातही आला नव्हता.

उपअधीक्षकांना कळवले. मग मी थोरल्या शेठना ठाण्यात एकटे बोलावले. मॅडमनी त्यांच्यापुढे कागदावर काढलेली रेघ ठेवली आणि कोणती तार ते सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बँकेचं काही असेल," ते म्हणाले.

"तिन्ही वेळा आधी ड्रॉइंगच्या सर्व्हरवरून आलंय. बँकेचं तिथे काही नसतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"माझ्या केबिनमध्ये येऊन कोणी दुसऱ्यानं केलं असेल."

"केबिनची किल्ली कोणाकडे असते?" मी विचारले.

त्यांनी खिशातली आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "दुसरी धाकट्याकडे," ते म्हणाले.

"आणखी एक विचारतो. इंजिनिअरनं जबाबात सांगितलंय की फाइली दुपारी कोणीतरी उघडतं, हे त्यानं महिन्यापूर्वी शेठना सांगितलं होतं. तुम्ही त्यावर काय केलंत?"

"मला?" त्यांनी वर पाहिले. "मला कोणी काही सांगितलं नाही."

मी त्यांच्यासमोरच इंजिनिअरच्या घरी फोन लावला. "तू शेठना सांगितलं म्हणालास. कोणत्या शेठना?"

"धाकट्या शेठना, साहेब. कॉम्प्युटरचं तेच बघतात ना. काम घरी न्यायलाही त्यांनीच सांगितलं होतं."

फोन ठेवून मी ते उत्तर थोरल्या शेठना सांगितले.  मग त्यांनी पाणी मागितले. ओझरच्या बूथवरून आलेली खबर, त्यातला डब्याच्या पिशवीचा तपशील, सगळे आता एका जागी येत होते. ज्याने चोरी पाहिली आणि भाबडेपणाने चोरालाच जाऊन सांगितली, त्याच्याच अंगावर ती ढकलली गेली होती.

धाकट्या शेठना दुसऱ्या दिवशी बोलावले. बरोबर वकील आणला होता. मी वकिलांना बाहेर चहा घ्यायला सांगितले, ते आढेवेढे न घेता गेले. मी ड्रॉइंगचे नावही काढले नाही. विचारले, "कारखान्यात कॉम्प्युटर कोणी आणले?"

"मी."

"ड्रॉइंग ऑफिस?"

"मीच उभं केलं. दादा तर म्हणत होते, हातानं काढू."

"मग तुमच्यामुळेच हा कारखाना इथवर आला, असं म्हणायचं."

ते हसले, पण ते हसू टिकले नाही. "असं तुम्ही म्हणता, साहेब. गिऱ्हाइकाकडे गेलो की दादा ओळख करून देतात, 'हा आमचा धाकटा'. चाळीस वर्षांचा झालो. एक ऑर्डर माझ्या सहीनं निघाली नाही आजवर."

मी काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणे हे सर्वांत कठीण काम आहे, आणि बहुतेक वेळा सर्वांत उपयोगाचे. मग मी ती रेघ काढलेला कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी पाहिला. "केबिनची तार वगळायची ठरलं होतं."

"तसं ठरलं नव्हतं. थोरल्या शेठनी परवानगी दिली होती. तुम्हाला सांगतो म्हणाले होते."

"मला सांगितलं नाही," ते म्हणाले. मग जरा वेळाने स्वतःशीच पुन्हा, "दादांनी मला सांगितलं नाही."

त्यानंतर सगळे बाहेर आले. ओझरकडे एका मित्राच्या नावावर त्यांनी लहानसे वर्कशॉप सुरू केले होते. वेगळे व्हायचे बोलायला भावासमोर तोंड उघडत नव्हते, म्हणून आधी गिऱ्हाईक जमवायचे आणि मग सांगायचे, असा बेत होता. इंजिनिअरबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "त्याला दुसरीकडे नोकरी मिळाली असती. हुशार आहे." एवढा एकच क्षण असा होता की मला त्यांचा राग आला.

पुढचे सगळे कागदोपत्री. केबिनमधले दोन्ही कॉम्प्युटर सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले. मॅडमनी नोंदींचे प्रमाणपत्र पुरावा कायद्याप्रमाणे सही करून दिले. ओझरच्या वर्कशॉपमध्ये पंचनामा झाला, तिथल्या कॉम्प्युटरवर ती ड्रॉइंग निघाली. कोर्टात तारखा पडत गेल्या, आणि शेवटी कोर्टाच्या परवानगीने दोघा भावांनी तडजोड केली. कारखाना थोरल्यांकडे राहिला, धाकटे वेगळे झाले. ज्या दिवशी तडजोडीवर सह्या झाल्या, त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात थोरले शेठ माझ्याजवळ आले. म्हणाले, "साहेब, बाहेरचा कोणी असता तर बरं झालं असतं."

मी त्यांना म्हणालो, "एक काम बाकी आहे."

ते त्यांनी केले. कारखान्याच्या कँटीनमध्ये, जिथे पाळतीची सूचना दिली होती तिथेच, त्यांनी सगळ्या कामगारांसमोर इंजिनिअरचे नाव घेऊन सांगितले, की या मुलाने काहीही केले नव्हते, चूक आमच्या घरात होती. इंजिनिअर आणि त्याचे वडील दाराशी उभे होते. शेठनी त्याला कामावर परत येण्यास सांगितले. तो नाही म्हणाला, नम्रपणे. सातपूरला त्याला काम मिळाले होते. तिथल्या मालकाला थोरल्या शेठनी स्वतः फोन केला होता, हे मला मागाहून कळले. जाताना वडिलांनी मला नमस्कार केला.

थोरल्या शेठनी धाकट्यांना केबिनच्या तारेबद्दल का सांगितले नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही. धाकटे प्रदर्शनाला गेले म्हणून राहून गेले असेल. संकोच वाटला असेल. किंवा त्या दिवशी अंगणात गेटकडे बघत उभे असताना त्यांच्या मनात काही येऊन गेले असेल. तपासात याचे उत्तर लागत नव्हते, म्हणून डायरीत ते आले नाही. माणूस म्हणून मला ते जाणून घ्यायचे होते. पण काही प्रश्न विचारण्याचा अधिकार वर्दी देत नाही.

निवृत्तीनंतर कारखानदारांच्या, दुकानदारांच्या बैठकांना मला अधूनमधून बोलावतात. कोणता कॅमेरा घ्यावा, कोणते सॉफ्टवेअर बसवावे, हे विचारतात. यंत्रांचे मला फारसे कळत नाही आणि ती दर वर्षी बदलतात. पण एक गोष्ट बदलत नाही. संशय हा बहुधा अशा माणसाकडे वळतो, ज्याच्यावर तो घेतल्याने आपले काही बिघडत नाही. परगावचा, नवा, एकटा, डब्याच्या पिशवीवाला. आपल्या माणसावर संशय घ्यायचा तर आपलेच काहीतरी मोडते, म्हणून आपण ती बाजू अंधारात ठेवतो आणि बाकी सगळीकडे दिवे लावतो. यंत्राला असे आपले-परके कळत नाही, हा त्याचा एकच मोठा गुण. पण ते कुठे लावायचे आणि कुठे नाही, हे माणूसच ठरवतो, आणि बहुतेक निरपराध माणसे त्या ठरवण्यातच भरडली जातात.

म्हणून मी त्यांना एवढेच सांगतो, की काय बसवायचे ते नंतर ठरवा. तुम्हाला कुठे बघायला नको वाटते, ते आधी स्वतःला विचारा.